ऑपरेशननंतरचा सव्वा महिना कोणाच्या हक्काचा?

यंदाच्या माघ पौर्णिमेला मी कचारगडला गेले होते. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनपासून जवळ, धनेगावच्या वर डोंगरात ही प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड बांधवांचे हे मोठे श्रद्धास्थान. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लोक या यात्रेला येतात. मी बौद्ध कार्यकर्ती आहे, तिथे पाहुणी म्हणून जाते. वनहक्काच्या दाव्यांचे कागद कोणी दाखवले तर पाहून देते. मी 'जय भीम' म्हणते, समोरून 'जय सेवा' ऐकू येते, आणि कामाला सुरुवात होते.

दरवर्षी मी एका दमात वर जात असे. यंदा चढताना तीन वेळा थांबले. उजव्या हातातली पिशवी डाव्या हातात घेतली आणि खांदा दाबत एका दगडावर बसले. शेजारी साठीची एक गोंड बाई बसली होती. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "काहून वं बाई, हात दुखते का?"

"हो माय, ऑपरेशन झालंय."

"कायचा?"

वाचकहो, वीस वर्षे मी कोर्टात उभी राहून बोलते आहे. अत्याचाराच्या खटल्यात उलटतपासणी घेताना माझा आवाज कधी खाली गेला नाही. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना तो खाली गेला. मी म्हणाले, "छातीचं."

तिने लुगड्याचा पदर थोडा बाजूला केला आणि आपला डावा हात पुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजलेला होता, हातात एकही बांगडी नव्हती. "माह्या बी झाला. नागपूरले. पंधरा दिवसांनी रोवणं लागला, गेली मी चिखलात. घरी बसून कोण खाऊ घालते?"

या लेखाचा विषय त्या पंधरा दिवसांचा आहे.

माझ्या उजव्या स्तनातील गाठ कॅन्सरची निघाली. गेल्या उन्हाळ्यात एका रुग्णालयात स्तन काढला आणि त्याच वेळी त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. शस्त्रक्रिया नीट झाली, डॉक्टरांच्या हातात कसब होते. सहाव्या दिवशी मला सुट्टी मिळाली. सुट्टीच्या कागदावर औषधांची नावे होती, पुढची तारीख होती आणि इंग्रजीत एक ओळ होती, जिचा अर्थ 'विश्रांती घ्या' असा होतो. किती दिवस, कशापासून विश्रांती, हात हलवायचा की नाही, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वकील असून विचारले नाही, हा माझा दोष मी कबूल करते.

काखेजवळ नळी होती. जखमेत साठणारे पाणी बाहेर काढणाऱ्या या नळीला ड्रेन म्हणतात. ती अकराव्या दिवशी काढली. चौदाव्या दिवशी माझ्या एका प्रकरणात तारीख होती. मुदत मागितली तर समोरच्या बाजूने हरकत घेतली. मग मीच गेले. फायलींचा गठ्ठा उचलला, बसमध्ये वरचा दांडा धरून उभी राहिले. दोन दिवसांनी छाती लाल झाली, ताप आला आणि मला पुन्हा भरती व्हावे लागले. इम्प्लांट थोडक्यात वाचले. तेव्हा कुठे एका फिजिओथेरपिस्ट ताईने मला समोर बसवून सगळे समजावले. ते मी इथे लिहिते, कारण ते पहिल्याच दिवशी कळायला हवे होते.

अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे जड काही उचलायचे नसते. भरलेली बादली, घागर, लहान मूल, सिलिंडर, धानाचे पोते यांतले काहीही नाही. हात अजिबात न हलवणे हेही चुकीचे, कारण मग खांदा जखडतो. बोटे, मनगट, कोपर सुरुवातीपासून हलवायचे. हात खांद्याच्या वर कधी न्यायचा हे डॉक्टरांनी सांगायचे, बहुतेक वेळा नळी निघाल्यानंतर. नळीतले पाणी रोज मोजून वहीत लिहायचे, आणि ते २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की डॉक्टर नळी काढतात. पालथे झोपायचे नाही. पाठीवर, डोके थोडे उंच ठेवून झोपायचे. ताप, वाढती लाली, अचानक आलेली सूज, पू किंवा टाका उसवणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. छातीची त्वचा पुष्कळ दिवस बधिर राहते. त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे नाही, भाजले तरी कळत नाही.

काखेतल्या लसिका गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढे सूज येऊ शकते. कचारगडच्या मायचा हात तसाच होता. ही सूज ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. लवकर ओळखली तर व्यायाम, विशिष्ट मालीश आणि दाब देणारी पट्टी किंवा बाही यांनी ती आटोक्यात ठेवता येते. उशीर केला तर हात कायमचा जड होतो. त्या हाताला काटा, चिरा, भाजणे यांपासून जपावे लागते. आता सांगा, रोवणी करणाऱ्या, मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईने तो हात कसा जपायचा?

आपल्या समाजात एका बाईला मात्र विश्रांती मिळते, ती म्हणजे बाळंतीण. गरिबातल्या गरीब घरातही बाळंतिणीचा सव्वा महिना पाळायची रीत आहे. तिला पाण्याला पाठवत नाहीत, जड उचलू देत नाहीत. शेजारीण येऊन भाकरी टाकून जाते. ही रीत सगळीकडे पाळली जाते असे नाही, पण ती मोडणाऱ्या सासूला चार माणसे बोल लावतात. स्तनाचे ऑपरेशन झालेल्या बाईसाठी आपल्या भाषेत असा एक शब्दही नाही. बाळंतिणीच्या वेदनेतून घरात मूल येते, म्हणून घर तिला जपते. या बाईच्या वेदनेतून फक्त ती स्वतः वाचते. तेवढे कारण घराला पुरेसे वाटत नाही, हे कडू सत्य आहे.

बाळंतिणीची विश्रांती रीतीपुरती राहिली नाही, तिचा कायदा झाला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला मिळणाऱ्या विश्रांतीत साऱ्या राष्ट्राचे हित आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९६१ चा कायदा आला, २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. ज्या कर्मचारी राज्य विमा योजनेची पायाभरणी बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ च्या अदारकर अहवालाने झाली, तिच्यात कॅन्सरसारख्या दीर्घ आजारासाठी मजुरीच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत लाभ आहे. म्हणजे आजारी माणसाला विश्रांतीचे पैसे द्यावेत हे तत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले आहे. पण ते विमाधारक कामगारापुरते. धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या बाईपर्यंत ते पोहोचलेच नाही.

आता इम्प्लांटबद्दल. मी ते बसवले हे कळल्यावर आपल्याच चळवळीतील एक जण म्हणाले, "ताई, जीव वाचला हे काय कमी आहे? हे श्रीमंत बायकांचे चोचले आपल्याला कशाला?" त्यांना मी रागाने नाही, पण स्पष्ट उत्तर देते. पाय गेलेल्या माणसाला जयपूर फूट बसवले तर त्याला कोणी चोचला म्हणत नाही. स्तन गेलेल्या बाईला काय हवे हे ठरवणारे तुम्ही कोण? काही जणींना काहीच नको असते, आणि सपाट छातीने जगण्यात कमीपणा नाही. काही जणी पोलक्यात कृत्रिम स्तन ठेवतात, सुती दोऱ्याने विणलेले असे स्तन मोफत देणाऱ्या स्वयंसेविकाही आहेत. काही जणींच्या पोटाचे किंवा पाठीचे मांस वापरून नवा स्तन घडवतात. काही जणी माझ्यासारखे इम्प्लांट निवडतात. २०१८ मध्ये तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयात गरीब स्त्रियांसाठी स्तनांची शस्त्रक्रिया मोफत सुरू केली तेव्हा देशभर टीका झाली. जनतेच्या पैशाने काय करावे यावर वाद जरूर व्हावा. पण त्या टीकेत एक सूर असाही होता, की गरिबाने जिवंत राहावे, आणखी काही मागू नये. तो सूर आपल्या ओळखीचा आहे.

मात्र निवड करायची तर माहिती पूर्ण हवी. इथे इतिहास डोळे उघडणारा आहे. सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधील ह्युस्टन येथे, टिमी जीन लिंडसे या स्त्रीला बसवले गेले. ती सहा मुलांची आई, कारखान्यात काम करणारी. धर्मादाय रुग्णालयात ती छातीवरचे गोंदण काढायला गेली होती. डॉक्टरांनी तिला या नव्या प्रयोगाविषयी विचारले. तिला तर आपले कान नीट करून घ्यायचे होते. दोन्ही करू, असे ठरले आणि ती तयार झाली. गरीब बाईच्या संमतीची किंमत तेव्हा एवढीच होती.

पुढे काय झाले तेही पाहा. फ्रान्समधील पीआयपी कंपनी इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचे सोडून औद्योगिक सिलिकॉन भरत असल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. जगभरातील लाखो स्त्रियांच्या अंगात ते गेले होते. कंपनीचा संस्थापक ज्याँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली, कारण त्यांचा संबंध लसिका पेशींच्या एका दुर्मिळ कॅन्सरशी आढळला होता. याचा अर्थ सगळी इम्प्लांट वाईट असा नाही. अर्थ एवढाच की कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची वस्तू आपल्या अंगात आहे हे बाईला माहीत असलेच पाहिजे. इम्प्लांट जन्मभराचे नसते. त्याच्याभोवतीचे आवरण आवळून ते कडक होऊ शकते, ते कोणतेही लक्षण न दाखवता आत फुटू शकते, आणि रेडिएशन घेतलेल्या छातीत त्रासाची शक्यता वाढते. सिलिकॉनच्या इम्प्लांटची पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये केली आहे. माझ्या इम्प्लांटचे कार्ड मला सुट्टीच्या वेळी मिळाले नव्हते, त्यासाठी तीन खेपा माराव्या लागल्या. मी वकील, म्हणून तीन खेपांत मिळाले.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने, तातडीची जीवघेणी परिस्थिती नसताना, नातेवाइकाची संमती चालत नाही. त्या प्रकरणात बेशुद्ध असलेल्या रुग्ण स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. म्हणजे तुमच्या शरीरासाठी सही तुमची हवी, नवऱ्याची नव्हे. आणि त्याआधी उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, पर्याय पुरेसे समजावून सांगितलेले हवेत. न समजणाऱ्या इंग्रजी कागदावर घेतलेला अंगठा ही कसली संमती? उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे व्ही. पी. शांता खटल्यात १९९५ मध्ये ठरले आहे, आणि सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. म्हणून कागद जपा. कागद नसेल तर खरी तक्रारही कोर्टात लंगडी पडते.

आता सरकारी मदतीकडे वळू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचे दार गरिबांसाठी उघडले, हे मान्य केले पाहिजे. मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण ही योजना रुग्णालयाचे बिल भरते, घरच्या चुलीचे बिल कोण भरणार? कॅन्सर रुग्णाला उपचार आणि फेरतपासणीसाठी रेल्वेत सवलत आहे. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाचे मूळ भाडे माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सूट असते. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? कॅन्सरमुळे कमावू न शकणाऱ्या निराधार व्यक्तीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. पण तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजारांची आहे. म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत! रोवणीला जाणारी कोणती बाई या अटीत बसेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवे काही उभारायला नको, असलेली व्यवस्थाच वापरा. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी सहा-सात वेळा जाते. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीराला जपायचा काळही साधारण तेवढाच आहे. याच पद्धतीने, वेगळा मोबदला देऊन, आशा ताईला या बाईच्याही घरी पाठवा. तिने जखम पाहावी, ताप विचारावा, हाताचा व्यायाम करून घ्यावा. शासनाने या सहा आठवड्यांची बुडीत मजुरी योजनेतून द्यावी. सुट्टीचा कागद मराठीत, आणि आपल्या भागात गोंडीतून समजावून द्यावा. इम्प्लांट बसवले असेल तर त्याचे कार्ड त्याच दिवशी हातात मिळावे. हाताच्या सुजेवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावी.

सरकारकडे मागताना आपल्या घरातही पाहू. महिला मंडळांनी, विहारातील भगिनींनी अशा बाईचा सव्वा महिना वाटून घ्यावा. एकीने पाणी भरावे, एकीने स्वयंपाक पाहावा, एकीने तिच्याबरोबर फेरतपासणीला जावे. बांधवांनी एवढेच करावे, की घरात 'स्तन' हा शब्द उच्चारला गेला तर मान खाली घालू नये. जयंतीच्या कार्यक्रमात आपण रक्तदानाचे शिबिर घेतो, तिथे स्तनतपासणीचाही एक पडदा लावा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांतील या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन लहान होते आणि नंतरचे हालही कमी होतात.

कचारगडच्या त्या दगडावर आम्ही दोघी बराच वेळ बसलो. मी तिला हात वर-खाली करण्याचा व्यायाम दाखवला, गोंदियात कोणत्या दिवशी कुठे जायचे ते कागदावर लिहून दिले, आणि निराधार योजनेचा अर्ज भरून देईन असे सांगितले. माझी सगळी हकिगत तिने ऐकली. चौदाव्या दिवशी गठ्ठा उचलला, हे सांगितल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "तू तं शिकलेली हायेस वं. तुले बी कोणी सांगितलं नाई?"

नाही सांगितले, माय. म्हणून हे लिहिले आहे. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका तरी बाईला तो वाचून दाखवावा, आणि तिचा सव्वा महिना तिला मिळवून द्यावा.

जय भीम! जय सेवा!